जांबोटी-कणकुंबीच्या जंगलवाटांवर शिमानो एमटी२०० ब्रेक

बेळगावात माउंटन सायकल घ्यायची म्हटली की दुकानात पहिली चर्चा होते ती पुढच्या फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या भागाची. ट्रॅव्हल किती, लॉकआउट आहे का, गिअर किती. ब्रेकचं नाव शेवटी निघतं आणि 'डिस्क आहे ना, मग झालं' इथंच संपतं. पण पिरनवाडी मागं टाकून जांबोटी, कणकुंबी आणि पुढं पारवाड-चिगुळेकडच्या लाल वाटांवर चार-सहा मित्रांनी दिवसभर फिरायचं असेल, तर हातातले पैसे आधी ब्रेकवर घालावेत, मग टायरवर, आणि उरले तर फोर्कवर. हे आमचं स्पष्ट मत आहे आणि शिमानोचा एमटी२०० हा हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबानं चालणारा) डिस्क ब्रेक त्या मतासाठी सगळ्यात सोपा पुरावा आहे.

शिमानोच्या माउंटन सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमधली ही अगदी खालची पायरी. कॅलिपरमध्ये, म्हणजे रोटरवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) पॅड दाबणाऱ्या भागात, दोन पिस्टन, आत मिनरल ऑइल, पॅड रेझिनचे. लिव्हर थोडा लांब, बोटांपासूनचं अंतर ॲलन कीनं कमी-जास्त करता येतं. पॅड रोटरला नेमके कुठं टेकावेत हे ठरवणारा स्क्रू मात्र यात नाही. महागड्या लिव्हरमध्ये असते ती सर्वो वेव्हची करामतही नाही, म्हणजे पॅड टेकेपर्यंत झटकन सरकतात आणि मग त्याच बोटाच्या दाबाला जास्त ताकद मिळते ती. दिसायला ब्रेक साधा काळा. रोजच्या वापरात या उणिवा जाणवत नाहीत; जिथं जाणवतात ते पुढं येईलच.

आधी, केबलवाली डिस्क इथं का कमी पडते ते. स्वस्त मेकॅनिकल डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकाच बाजूचा पॅड हलतो. तो रोटरला ढकलून दुसऱ्या बाजूच्या स्थिर पॅडवर दाबतो, म्हणजे प्रत्येक ब्रेकला रोटर थोडा वाकतो. खानापूर तालुक्यातली जांभ्याची लाल धूळ केबलच्या नळीत शिरली की दुपारपर्यंत लिव्हर जड होतो. पॅड झिजले की लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि वाटेत थांबून नॉब फिरवत बसावं लागतं. हायड्रॉलिकमध्ये ही झीज आपोआप भरून निघते. पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर ब्रेक सोडताना पिस्टन किंचित मागं ओढतं. पॅड झिजतील तसा पिस्टन त्या रबरातून पुढं सरकत राहतो. लिव्हर सकाळी जिथं लागतो तिथंच संध्याकाळीही लागतो. उतारावर खरा फरक पडतो तो याचाच. ताकद किती हा प्रश्न त्यानंतरचा.

घेताना तीन गोष्टी नीट बघा. दुकानदार त्या आपणहून सांगेलच असं नाही.

पहिली गोष्ट लिव्हरची बाजू. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. ऑनलाइन येणारे काही सेट मात्र डाव्या लिव्हरला पुढचा कॅलिपर जोडून येतात. तेल भरून, पाइप जोडूनच सेट येत असल्यानं नंतर बदलायचं तर पाइप सोडा, पुन्हा ब्लीड करा (तेल भरून आतली हवा काढा), असा खटाटोप होतो. ग्रुपमध्ये तर हे फारच जपायला हवं. चढावर मित्र एकमेकांची सायकल हौसेनं चालवून बघतात. एकाच्या सायकलचा पुढचा ब्रेक उजवीकडं आणि दुसऱ्याचा डावीकडं असला, तर उतारावर घाईत दाबलेला 'मागचा' ब्रेक पुढचाच निघतो आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. सगळ्यांचे ब्रेक एकाच पद्धतीनं बसलेले हवेत.

दुसरी गोष्ट गिअर. कमी किमतीच्या बऱ्याच सायकलींवर ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर एकाच तुकड्यात असतात. अशा सायकलला एमटी२०० लावायचा तर जुना तुकडा काढावाच लागतो आणि वेगळे शिफ्टर घ्यावे लागतात. सात किंवा आठ गिअरसाठी शिमानोचे आल्टसचे एम३१० शिफ्टर चालतात. हा खर्च आधीच धरा, नाहीतर ब्रेक घरी येऊन पडून राहतात.

तिसरी गोष्ट रोटर आणि अ‍ॅडॅप्टर. हे बहुधा सेटमध्ये नसतात. कॅलिपर पोस्ट माउंट या पद्धतीनं बसणारा आहे. फ्रेम जुन्या आयएस पद्धतीची असेल तर मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतो. मागं १६० मिलिमीटरचा रोटर पुरे. पुढं मात्र फोर्क बनवणाऱ्यानं परवानगी दिली असेल तर १८० चाच घ्या. या ब्रेकमध्ये सर्वो वेव्ह नसल्याची भरपाई बऱ्याच अंशी त्या वीस मिलिमीटरनं होते. आरटी२६ आणि आरटी५६ हे सहा बोल्टचे स्वस्त रोटर या ब्रेकबरोबर चालतात, पण त्यांच्यावर 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं असतं ते गांभीर्यानं घ्या. त्यांचं पोलाद मऊ असतं. मेटलचे पॅड लावले तर रोटर खरवडून पातळ होतो.

बसवणं अवघड नाही. रोटरचे सहा बोल्ट टी२५ च्या टॉर्क्सनं, चांदणीच्या क्रमानं, २ ते ४ न्यूटन मीटरवर आवळायचे. कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले ठेवून लिव्हर घट्ट दाबायचा, म्हणजे कॅलिपर आपणहून रोटरच्या मधोमध येतो. लिव्हर तसाच दाबून ठेवून दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, शेवटी ६ ते ८ न्यूटन मीटर. एक बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर तिरका होतो आणि चाक फिरताना 'खस्स खस्स' ऐकू येतं. मग कॅलिपरमागं पांढरा कागद धरून रोटरच्या दोन्ही बाजूंची फट बघायची. दोन्हीकडं कागदाची पांढरी रेघ दिसली की काम झालं.

नवे पॅड लावून थेट कणकुंबीला निघू नका. रेझिनचा पातळ थर रोटरवर बसल्याशिवाय ब्रेक निम्मी ताकदही देत नाही. राजहंसगडाचा डांबरी उतार यासाठी उत्तम आहे, रहदारी कमी असलेल्या सकाळी. ताशी वीस-पंचवीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, वीसेक वेळा ब्रेक लावायचा. आधी फक्त पुढचा, मग फक्त मागचा. मध्येच थांबून पाय टेकायचा नाही, कारण गरम पॅड रोटरवर एका जागी दाबून ठेवला की तिथं डाग पडतो आणि पुढं ब्रेक थरथरतो. आठ-दहा वेळांनंतर पकड वाढलेली बोटांना कळते.

आता वाट. टिळकवाडीकडून निघालं की पिरनवाडी, किणये, रणकुंडये, कुसमळी, मग जांबोटी. तिथून कणकुंबी. एकूण चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशीच्या वर, आणि आतल्या वाटा धरल्या तर दिवस पुरत नाही. जांबोटीपर्यंत भातशेतं, छोटे चढ-उतार आणि डांबर. इथं ब्रेकचं काम जवळपास नाहीच. एकच काळजी: हा गोव्याकडं जाणारा रस्ता आहे, ट्रक आणि गाड्या वेगात येतात, त्यामुळं ग्रुपनं एका रांगेत चालायचं आणि पुढच्यापासून दोन सायकलींएवढं अंतर ठेवायचं. केबल डिस्कवाला आणि हायड्रॉलिकवाला एकामागं एक असतील तर हायड्रॉलिकवाला मागं असावा. तो आधी थांबू शकतो. तोच पुढं असला तर मागचा त्याच्यावर येऊन आदळतो.

जांबोटीच्या पुढं रान दोन्ही बाजूंनी जवळ येतं. ऐन, किंजळ, जांभूळ, मध्येच करवंदीच्या जाळ्या. कणकुंबीला माउली देवीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. पारवाड, चिगुळे या गावांकडच्या वाटा इथूनच फुटतात आणि माउंटन सायकलचा खरा दिवस इथं सुरू होतो. आजूबाजूच्या जंगलाचा मोठा भाग भीमगड अभयारण्यात येतो (२०११ पासून, सुमारे १९० चौरस किलोमीटर). त्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालायचं नाही. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवरच राहायचं. तेवढंही भरपूर आहे.

या वाटांवर खाली घट्ट जांभा असतो आणि वर त्याचीच सुटी, गोटीएवढी लाल खडी. घट्ट फरशीवर सांडलेल्या हरभऱ्यावर पाय पडावा तसं टायरचं होतं. अशा जागी ब्रेकची ताकद कितीही असली तरी ती मोजूनमापून लावता आली पाहिजे, आणि एमटी२०० मला आवडतो तो इथं. लिव्हरची पहिली काही मिलिमीटर चाल मऊ आहे, पकड हळूहळू वाढते, एकदम चावा घेत नाही. पुढचं चाक घसरायला लागलं की बोट किंचित सैल करून ते परत सावरता येतं. महाग ब्रेकच्या तीव्र पकडीपेक्षा नवशिक्याला या खडीवर हे जास्त उपयोगाचं. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करा. वळणात पुढचा ब्रेक सोडलेला हवा. टायर सव्वादोन इंची असेल आणि माणूस सत्तर किलोच्या आसपास, तर ट्यूबवर तीस पीएसआयच्या जवळ हवा ठेवा. पन्नास पीएसआय भरून आलेल्या सायकलला कुठलाच ब्रेक वाचवत नाही.

वळणापलीकडं वाटेवर गवा उभा असणं ही इथली नेहमीची शक्यता. म्हणून आंधळ्या वळणावर दोन्ही लिव्हरवर बोटं ठेवूनच उतरायचं. दिसला तर लांबच थांबायचं, शिट्टी-घंटी वाजवायची नाही, त्याला जायला वेळ द्यायचा. ओढा ओलांडल्यावर पहिले एक-दोन ब्रेक जवळजवळ रिकामे जातात, कारण रोटरवर पाणी असतं. पाण्यातून बाहेर येताच पेडल मारत असतानाच तीन-चार वेळा हलका ब्रेक घासून घ्या. ओल्या रोटरची किंकाळी ऐकून घाबरू नका, वाळला की ती बंद होते. वाळल्यावरही ओरडत राहिला तर पॅडवर तेल आलंय असं समजा.

काही ग्रुप कणकुंबीवरून तसेच पुढं चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीला जातात. वाट देखणी आहे, यात वाद नाही. पण या ब्रेकची मर्यादा तिथं कळते. घाटमाथा ते केरी उंचीत साधारण ७०० मीटरची उतरण. माणूस, सायकल, पाणी मिळून ९० किलो धरले तर खाली येईपर्यंत सुमारे सहा लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जावी लागते. एवढ्या ऊर्जेत दोन लिटर पाणी उकळीला येईल. वेगात उतरणाऱ्याची बरीच ऊर्जा वाऱ्याला जाते. भीतीनं सतत ब्रेक घासत हळू येणाऱ्याची जवळपास सगळी रोटरमध्ये जाते. १६० चा साधा रोटर, पंख नसलेले रेझिन पॅड, मग वास येतो, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि लिव्हर तसाच कडक लागत असूनही सायकल थांबत नाही. यात तेल किंवा लिव्हर बिघडलेला नसतो. पॅड भाजलेला असतो.

उपाय साधा. सरळ भागात सायकलला थोडी पळू द्या, वळणाआधी दोन-तीन सेकंद दोन्ही ब्रेक चांगले दाबून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात रोटर थंड होतो. जड माणसानं किंवा कॅरिअरवर सामान लादलेल्यानं मध्ये दोनदा पाच-पाच मिनिटं थांबावं. गरम रोटरवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तो वाकतो. बोट तर अजिबात लावू नका. भाजलेले पॅड घरी आल्यावर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलके घासले, रोटर मेडिकलमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला आणि पुन्हा वीस ब्रेकचा सराव केला की बहुतेक वेळा ठीक होतात. ज्यांची नेहमीची राइड घाट उतरण्याचीच आहे आणि वजन ९०-९५ किलोच्या वर आहे, त्यांनी एमटी२०० च्या फंदात न पडता चार पिस्टनचा ब्रेक आणि पुढं मोठा रोटर बघावा.

चिखलाचा हिशेब वेगळा. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूची लाल माती पॅड आणि रोटरच्या मध्ये अडकली की ती घासायच्या पेस्टसारखं काम करते. कोरड्या हंगामात महिनोन् महिने टिकणारे रेझिन पॅड धो-धो पावसातल्या एका लांब राइडला उडू शकतात. पॅडवरचा घासणारा मसाला ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा. त्याखाली गेला तर लोखंडी पाठ रोटरला लागते आणि रोटरही जातो. नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ वर आला की निवृत्त. नख रोटरच्या काठावरून आत फिरवलं आणि पायरी लागली तर व्हर्निअर कॅलिपरनं जाडी मोजून बघा.

पॅड वाटेत बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. चाक काढायचं, स्प्लिट पिनचे पाय सरळ करून ती ओढायची, जुने पॅड जागेवर असतानाच मध्ये प्लास्टिकचा टायर लिव्हर घालून पिस्टन हळू मागं ढकलायचे, मग पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्र बाहेर. स्क्रू-ड्रायव्हरनं थेट पिस्टनवर जोर देऊ नका, तो फुटतो. नवी जोडी स्प्रिंगसह आत, पिन घालून तिचे पाय पुन्हा वाकवायचे, आणि चाक बसवल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत आठ-दहा वेळा दाबायचा. हे शेवटचं विसरून उतारावर निघणं जिवावर बेतणारं आहे, कारण पहिल्या दाबाला लिव्हर हँडललाच टेकतो. बी०१एस, बी०३एस आणि बी०५एस हे पॅड एकाच आकाराचे, एकमेकांच्या जागी बसतात. सहा जणांच्या ग्रुपमध्ये चौघांकडं हा ब्रेक असेल तर पॅडच्या दोन जोड्या, दोन स्प्लिट पिना आणि एक स्प्रिंग एवढ्यावर सगळ्यांची सोय होते. एमटी२०० घेण्याचं हेही मोठं कारण आहे. जंगलात सुटा भाग मित्राच्या पिशवीतून मिळतो, दुकानातून नाही.

सायकली टेम्पोत घालून जांबोटीपर्यंत नेणार असाल तर चाक काढलेल्या सायकलचा लिव्हर कुणी दाबणार नाही एवढं बघा. मध्ये रोटर नसताना दाबला की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. सेटबरोबर येणारा प्लास्टिकचा स्पेसर जपून ठेवा. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी चालते. सायकली एकमेकींवर आडव्या रचू नका, रोटर वाकतो. वाकलाच तर स्वच्छ पान्यात पकडून केसाएवढा, पुन्हा केसाएवढा असा सरळ करायचा. चेनला स्प्रेचं तेल मारताना मागच्या रोटरवर कापड धरा.

आणि तेल. लिव्हर मऊ लागायला लागला, दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल, तर आत हवा आहे. बेळगावात मोटरसायकलचं गॅरेज गल्लोगल्ली आहे आणि तिथं ब्रेक ऑइल सहज मिळतं, पण ते डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. ते एमटी२०० मध्ये गेलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. गॅरेजवाला प्रामाणिकपणे 'ब्रेक ऑइलच आहे की' म्हणेल. त्याच्या कामात ते खरंही आहे. यात फक्त शिमानोचं लालसर मिनरल ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेत नाही, म्हणून वरचेवर बदलावं लागत नाही, पण आत गेलेलं पाणी वेगळंच राहून खाली कॅलिपरमध्ये साचतं. त्यामुळं पावसाळा भरपूर चालवलेल्या सायकलचं तेल दिवाळीच्या आसपास एकदा बदलून घ्यावं. ब्लीड करताना चाक आणि पॅड दोन्ही काढून ठेवा आणि कॅलिपरमध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन जागेवर धरणारा ठोकळा) घाला. कॅलिपरच्या निपलला सिरिंज, लिव्हरवर फनेल, तेल खालून वर सावकाश ढकलायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. पॅडला तेलाचा एक थेंब लागला तरी तो पॅड धुऊन वाचत नाही, नवाच घ्यावा लागतो.

घ्यायचा तर आत्ता, पावसाच्या आधी घ्या आणि कोरड्या वाटेवर हात बसवून घ्या. बजेट एकाच ब्रेकचं असेल तर मागचा राहू द्या, पुढचा बदला. थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. मागं जुनी केबल डिस्क ठेवली तरी चालते, फक्त तिची केबल आणि नळी नवी घालून घ्या.